मागाची वर्गणी

गेल्या वर्षी आमच्या वस्त्रमेळ्यात, दाराशीच, सगळ्यात मोक्याच्या कोपऱ्यावर एक फलक लागला होता : 'ओरिजिनल पैठणी, फक्त ९९९'. त्याच्यासमोर झुंबड होती. मांडवाच्या आतल्या अंगाला, जिथे पंख्याचा वारा पोहोचत नव्हता, तिथे येवल्याहून आलेला एक विणकर लहानसा माग लावून बसला होता. दुपारभर त्याच्याकडे येणाऱ्या बायका एकच प्रश्न विचारत होत्या, "दारात नऊशे नव्याण्णवला मिळतेय, मग तुमचीच एवढी महाग कशी?" संध्याकाळी तो माझ्याकडे आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "काका, दिवसभर मी विणलं कमी आणि खुलासेच जास्त केले."

मी काय बोलणार? मेळ्याचा खजिनदार मीच. त्या कोपऱ्याचं भाडं सगळ्यात जास्त होतं, आणि त्याच भाड्यातून या विणकराचं गाडीभाडं निघालं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. मेळ्यासाठी पैसा उभा करणं हे काम आपण मेळ्याच्या बाहेरचं समजतो. आधी कुठून तरी पैसे आणायचे, मग त्यातून हवा तसा मेळा भरवायचा. प्रत्यक्षात तसं होत नाही. पैसा ज्याचा, मांडव त्याच्यासारखा होतो. गाळे भाड्याने देऊन पैसा उभा केला तर बाजार भरतो, प्रायोजकाकडून आणला तर त्याचा जाहिरात सोहळा होतो, सरकारकडून आणला तर उद्घाटन समारंभ. यंदा आमची गंगाजळी आटली आहे. बैठकीत नेहमीच्या तीन सूचना आल्या : भाडं वाढवा, मोठा प्रायोजक धरा, मंत्रालयात जाऊन या. तिन्ही सूचना करणारी माणसं मेळ्यावर जीव लावणारी आहेत. तरीही या तिन्ही वाटांनी गेलो तर मेळा टिकेल आणि ज्याच्यासाठी तो सुरू केला ते मात्र त्यातून निघून जाईल, असं माझं मत आहे. ते इथे सविस्तर मांडतो.

आधी भाड्याचं बघू, कारण सगळ्यांना तोच मार्ग सरळ वाटतो. माल विकायला येतोय, जागेचे पैसे देऊ दे, यात गैर काय? गैर काही नाही, हिशेब तेवढा चुकतो. समजा, तीन दिवसांच्या गाळ्याचं भाडं ६,००० रुपये ठेवलं. ९९९ची साडी विकणाऱ्याला एका साडीमागे ३०० रुपये सुटतात असं धरलं तर वीस साड्यांत त्याचं भाडं वसूल. एवढा धंदा तो पहिल्या संध्याकाळीच करतो. आता घोंगडी विणणारा सनगर कारागीर घ्या. लोकर, चिंचोक्याची खळ, सूत कातणाऱ्या घरच्या बाईचे हात हे सगळं वजा जाता एका घोंगडीमागे त्याच्या हाती ८०० रुपये राहतात असं धरू. भाड्यापुरत्याच त्याला आठ घोंगड्या विकाव्या लागतील. आठ घोंगड्या म्हणजे खड्डामागावर पाय सोडून बसलेले त्याचे किती दिवस, याचं गणित ज्याचं त्याने करावं. वर घरी परत जाईपर्यंत माग बंद, म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण ते थोडेफार इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष बदलत नाही. भाडं जितकं वाढेल तितका यंत्राचा माल आत येईल आणि हाताचा बाहेर जाईल. कुणी वाईट हेतूने असं करतं असं नाही. भाड्याची पावतीच ही निवड करते.

गाळ्याच्या कल्पनेत आणखी एक खोट आहे, आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. गाळा द्यायचा म्हणजे समोरच्याकडे विकायला स्वतःचा माल आहे असं आपण धरून चालतो. पण बहुतेक विणकरांकडे स्वतःचा माल नसतोच. रेशीम आणि जर व्यापारी देतो, नक्षी व्यापारी सांगतो, साडी तयार झाली की व्यापारी घेऊन जातो. विणकराच्या हातात पडते ती मजुरी. एक भारी पैठणी मागावर महिनोन्‌महिने असते. स्वतःच्या पैशाने ती विणून गिऱ्हाइकाची वाट बघत बसण्याइतकी उसंत त्या घरात नसते. देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) हातमागावर काम करणारे सुमारे ३५ लाख लोक मोजले गेले, आणि त्यातल्या साधारण दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत निघालं. अशा माणसाला आपण पत्र पाठवतो : 'आमच्या मेळ्यात आपले स्वागत आहे, गाळ्यासाठी अनामत रक्कम भरावी.' मग येतो कोण? त्याचा व्यापारी येतो. आणि आपण हौसेने त्याच्या गळ्यात 'विणकर' असं लिहिलेलं ओळखपत्र अडकवतो.

त्याच गणनेत हातमागावर काम करणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका निघाल्या. ताणा लावायचा, कांड्या भरायच्या, तुटलेला धागा सांधायचा, काही ठिकाणी तर अख्खं विणकाम त्यांचंच. मेळ्यात मात्र गाळ्याच्या गल्ल्यावर पुरुष बसलेला असतो. आमच्याकडे आलेल्या एका बाईंना मी विचारलं, "विणता कोण, तुम्ही की हे?" त्या हसल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बोलतात चांगलं." पुढचं मी विचारलं नाही.

आता प्रायोजक. एका वर्षी आम्हाला एक दिलदार बांधकाम व्यावसायिक भेटला. नाव सांगत नाही, कारण माणूस खरंच चांगला होता आणि पैसे वेळेवर दिले होते. त्याच्या अटी लहान होत्या : व्यासपीठ त्याच्या रंगांचं, दर अर्ध्या तासाने त्याच्या गृहप्रकल्पाची ध्वनिफीत, आणि शेवटच्या दिवशी सोडत. आम्ही हो म्हटलं. तीन दिवस मांडवात 'दोन शयनकक्षांची सदनिका, अमुक लाखांपासून पुढे' असा आवाज घुमत होता. मागाला स्वतःचा एक ठेका असतो. पावडीवर पाय पडतो, धोटा जातो, फणी येऊन ठोकते. शाळेतली पोरं तो ठेका ऐकायला यायची, कारण त्यांच्या आज्ज्यांच्या कानांत तो होता. त्या वर्षी कुणाला तो ऐकू आला नाही. सोडतीला मात्र मैदान भरलं होतं.

कुणी म्हणेल, मग बांधकामवाला नको, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्या. कागदावर हे सुरेख दिसतं. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला व हस्तकलांचं संवर्धन स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. मग अडतं कुठे? केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४मध्येच एक परिपत्रक काढून सांगितलं की, मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती असले एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. वस्त्रमेळा म्हणजे वर्षातून तीन दिवस, मांडव, पाहुणे, फलक. कंपनीच्या हिशेबनिसाच्या नजरेने बघितलं तर हा 'कार्यक्रम'च. शिवाय पैसे घेणाऱ्या संस्थेची नोंदणी, करसवलतीची प्रमाणपत्रं, मागच्या वर्षांचं काम हे सगळं लागतं. आमच्यासारख्या आठ-दहा जणांच्या मंडळाची तिथे डाळ शिजत नाही.

तरी या परिपत्रकाने मला एक चांगली गोष्ट शिकवली, हे कबूल करतो. तीन दिवसांच्या सोहळ्यावर खर्च नको, वर्षभराच्या कामावर करा, असं सरकारी भाषेत कुणीतरी म्हणतंय, आणि ते खरं आहे. एखाद्या मुलीला सहा महिने माग शिकवला, तिला त्या काळात विद्यावेतन दिलं आणि मेळ्यात तिने पहिलं कापड लोकांसमोर विणून पूर्ण केलं, तर तो मेळा त्या कामाचा शेवटचा दिवस होईल. अशा कामासाठी कंपनीचे पैसे मागायला माझी हरकत नाही. मांडवासाठी मागायला आहे.

सरकारबद्दल माझं मत लोकांना वाटतं तितकं कडू नाही. राज्याच्या २०२३-२८च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काटी, खण आणि घोंगडी ही पाच पारंपरिक वस्त्रं नावानिशी आली. नोंदणी झालेल्या हातमाग विणकरांना गणेशोत्सवात उत्सव भत्ता मिळू लागला, पुरुषांना १०,००० आणि महिलांना १५,००० रुपये. भत्ता थेट विणकराच्या खात्यात जातो, आणि मला विचाराल तर सरकारी पैशाची तीच खरी जागा आहे. मेळ्याच्या आयोजकांना दिलेल्या अनुदानाची गोष्ट वेगळी. एका योजनेतून आम्हाला रक्कम मंजूर झाली होती. ती खर्चाची बिलं सादर केल्यावर मिळणार होती. मांडववाला, वीजवाला, जेवणवाला यांना आधी आम्हीच उसनवारी करून पैसे दिले, आणि मंजूर रक्कम हातात येईपर्यंत पुढच्या मेळ्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. दुसरं असं की, सरकारची मर्जी टिकेलच असं नाही. २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला, आणि पाच वर्षांनी, जुलै २०२०मध्ये, अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झालं. मंडळाने फार मोठं काम केलं होतं असं मी म्हणत नाही. पण दिवस साजरा करायचा आणि ज्या जागी बसून विणकराने गाऱ्हाणं मांडायचं ती जागाच काढून घ्यायची, यातून एवढं तर कळतं की वरच्या भरवशावर गावचा मेळा टांगून ठेवू नये.

७ ऑगस्ट हीच तारीख का, हे आमच्या मेळ्यात येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी विचारतो. फार थोड्यांना माहीत असतं. १९०५ साली त्या दिवशी कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ जाहीर झाली. त्या चळवळीत आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, त्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्याच काळात चाललेलं आणखी एक काम मात्र आपण विसरलो : पैसाफंड. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थाने कल्पना मांडली की, प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा, आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी तिला पाठबळ दिलं. काळे गावोगाव हिंडले. त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. काच कुठे आणि कापड कुठे, असं म्हणाल. मला कारखान्याचं तितकं कौतुक नाही, पैसा गोळा करण्याच्या त्या रीतीचं आहे. ज्याने एक पैसा दिला त्याला तो कारखाना आपला वाटला. कंदिलाची देशी काच घेताना त्याला वाटलं असेल, यात माझाही पैसा आहे.

वर्गणीची खरी किंमत इथे आहे. तिच्यात पैसे कमी आणि ओळखी जास्त जमतात. सार्वजनिक गणेशोत्सवाचं उदाहरण घ्या. पावतीपुस्तक घेऊन मंडळाची पोरं दारोदार जायची, तेव्हा कुणी पाच रुपये देई, कुणी दोन शिव्या देऊन दहा देई, पण मूर्ती कशी आहे हे बघायला संध्याकाळी प्रत्येक जण येई. मग जाहिरातींच्या कमानी आल्या. एका कमानीत शंभर घरांची वर्गणी निघू लागली, आणि पोरांनी दारं वाजवणं सोडलं. मंडळं श्रीमंत झाली. आज वाड्यातल्या किती जणांना मंडळाच्या अध्यक्षाचं नाव माहीत असतं? गावजत्रेत मात्र जुनी रीत अजून टिकून आहे. घरटी वर्गणी ठरते, आणि जत्रेनंतर देवळात बसून हिशेब वाचला जातो. नारळ किती, तमाशाची सुपारी किती, कुस्तीचं बक्षीस किती. एखाद्या आकड्यावर बाचाबाची होते. ती व्हायलाच हवी. आपल्या कपड्यांचे मूळ मेळे तरी दुसरे काय होते? धनगरी यात्रांत घोंगड्यांचे गठ्ठे यायचे, माणसं हात फिरवून लोकर बघायची, पुढच्या सालची मागणी तिथेच नोंदवायची. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा पद्मशाली समाजाने आणि मागांनी घडवलेलं ते शहर रस्त्यावर उतरतं. त्यासाठी कुणाला प्रायोजक शोधावा लागत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की आमचा मेळा घरटी वर्गणीवर यावा. वर्षाला शंभर रुपये. एवढ्याने काय होणार, असं बैठकीत एकाने विचारलं. त्यालाही उत्तर हिशेबानेच देतो : गावातल्या दोन हजार घरांनी दिले तर दोन लाख रुपये. थाटाचा मेळा त्यात होणार नाही, हे मला मान्य आहे. दहा माग नक्की लागतील. आणि इथे मला अडचण वाटण्याऐवजी सुटकाच वाटते. कारण आमच्या खर्चाच्या वहीत सगळ्यात मोठी रक्कम मागांची नव्हतीच. व्यासपीठ, ध्वनिव्यवस्था, पाहुण्यांची सरबराई, शाली-श्रीफळ, प्रवेशद्वाराची कमान. एकदा तर पाहुण्यांना द्यायच्या शाली आम्ही यंत्रमागावरच्या घेतल्या होत्या, स्वस्त पडतात म्हणून. वस्त्रमेळ्यात! त्यावर हसावं की काय करावं, अजून ठरत नाही.

शाळेचं पटांगण घ्या, दोन दिवस करा, व्यासपीठ नको, उद्घाटन नको. जो पैसा वाचेल तो विणकराला रोजी म्हणून द्या. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मानधन म्हटलं की उपकाराचा वास येतो. विणकर आमच्याकडे दोन दिवस बसतो, शिकवतो, पोरांना धोटा फेकू देतो, त्याचा धागा तुटतो, त्याचा वेळ जातो. ती मजुरी आहे. घरी मागावर बसून जे मिळालं असतं त्याहून जास्त मिळाली पाहिजे, नाहीतर तो का येईल? त्याने काही विकलं तर ते पैसे त्याचे, त्यावर भाडं नाही. आज तो आम्हाला पैसे देतो. ही उलटी गंगा थांबवायची असेल तर मेळ्याने त्याला पैसे दिले पाहिजेत.

आता ज्या पैशाबद्दल कुणी बोलत नाही त्याबद्दल. पैठणीच्या नावाने महाराष्ट्रात पैसा कमी आहे असं म्हणणाऱ्याने आपल्या प्रभागात निवडणुकीच्या आधी फेरफटका मारावा. 'खेळ पैठणीचा' हा कार्यक्रम गल्लोगल्ली होतो. मांडव, निवेदक, दिवे, शेकडो बायका आणि शेवटी पैठण्यांचं वाटप. त्या पैठण्या कुठून येतात, असं मी एका आयोजकाला विचारलं होतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी प्रसादाच्या पेढ्यातल्या खव्याची चौकशी करतोय. बायकांना हौस आहे, कार्यक्रम रंगतो, माझं त्यावर काहीच म्हणणं नाही. पण ज्याच्या नावावर हे चालतं त्या मागापर्यंत त्यातला एक रुपयाही जात नसेल तर मागायला आपल्याला लाज कसली? प्रत्येक आयोजकाकडे जाऊन म्हणावं : दहा यंत्राच्या द्या, पण पहिलं बक्षीस हातमाग चिन्ह असलेली खरी पैठणी असू द्या, आणि ती विणणाऱ्याला व्यासपीठावर बोलवा. नाही म्हणतील, म्हणू देत. एकाने जरी हो म्हटलं तरी एका घरात काही महिन्यांचं काम येतं.

भिशीचंही तसंच. आपल्या बायका पैठणीसाठी भिशी लावतात, ही काही नवी गोष्ट नाही. बारा जणी, दरमहा ठरावीक रक्कम, चिठ्ठी निघेल तिची साडी. ही भिशी दुकानाऐवजी मागाशी जोडली तर विणकराला रेशमाचे पैसे आगाऊ मिळतात, व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागत नाही, आणि मेळ्याच्या दिवशी त्या बाराजणी आपली साडी अर्धी विणून झालेली मागावर बघतात. रंग त्यांनी निवडलेला. पदरावर मुनिया म्हणजे पोपट हवा की आसावली म्हणजे फुलवेल, हे त्यांनीच सांगितलेलं. अशा साडीची घासाघीस होत नाही. मेळ्याला त्यातून थोडी टक्केवारी मिळाली तर ती वर्गणीत जमा. जोखीम आहे, हे मान्य. साडी उशिरा झाली, रंग वेगळा आला, तर तक्रारी मंडळाच्या दारात येणार. तक्रारी ऐकून घ्यायला मी बसेन. खजिनदाराला तेवढा सराव असतो.

या सगळ्यावर आमच्यातल्याच एका तरुण कार्यकर्त्याने एक आक्षेप घेतला, आणि तो मला झोपू देत नाही. तो म्हणाला, "यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा इचलकरंजीचा, भिवंडीचा, मालेगावचा कामगार गरीब नाही का? त्याचा माल तुम्ही मेळ्याबाहेर काढणार, कारण तो हाताचा नाही?" खरं आहे. खटाखट आवाजात कान गमावलेल्या त्या कामगाराच्या पोटावर पाय देऊन हातमागाचं सोवळं मिरवायचं नाही. माझं भांडण यंत्राशी नाही, फलकाशी आहे. 'यंत्रमागाची साडी, ९९९' असं लिहा, सुखाने विका, माझी आईही तीच नेसायची. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, नावाच्या गैरवापराविरुद्ध कायदाही आहे. तो कायदा मेळ्याच्या मांडवात येऊन कोण बजावणार? तिथे बजावू शकतो तो फक्त गिऱ्हाईक, आणि त्याला शिकवायला मेळ्याहून चांगली शाळा नाही. पदर उलटा करून बघा : हाताने विणलेल्या पैठणीच्या पदराची मागची आणि पुढची बाजू सारखीच दिसते, नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. एवढं एक वाक्य दारात मोठ्या अक्षरांत लावलं असतं तर गेल्या वर्षीचा तो कोपरा आपोआप ओस पडला असता. मग आम्ही ते लावलं का नाही? कारण भाडं घेतलं होतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात कापडाच्या मेळ्याला वर्गणी मागता, शोभतं का? शोभतं. पाणी देणं नगरपरिषदेचं काम आहे, त्यासाठी आपण कर भरतो. ते मिळत नसेल तर मोर्चा काढावा, मीही येईन. नगरपरिषदेच्या तिजोरीतून मेळ्याला पैसे मागू नयेत, इथपर्यंत मी या मंडळींच्या बाजूचा आहे.

प्रवेश फी लावण्याबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे झुकतं. पुण्यात १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात माणसं तिकिटं काढून थंडीत शाली पांघरून बसतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. गाण्याला पैसे मोजायची सवय लागली, ती कुणीतरी लावली म्हणून. मग मागाला का नको? पण आमच्या मेळ्यात सगळ्यात आधी येतात त्या शेजारच्या वस्तीतल्या बायका, ज्यांच्या घरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या अजून शिवल्या जातात. त्या विणकराशी ज्या बारकाईने बोलतात तसं शहरातून आलेलं एकही गिऱ्हाईक बोलत नाही. वीस रुपयांच्या फाटकावर त्या माघारी गेल्या तर मेळ्यातलं अर्धं ज्ञान बाहेर राहिलं. म्हणून फी नको, दारात पेटी ठेवा, आणि आत जे झालं त्याचा हिशेब रोज संध्याकाळी फळ्यावर लिहा. आज वर्गणी किती आली, विणकरांना रोजी किती दिली, चहा किती गेला.

करसवलतीची पावती देऊ, म्हणजे लोक देतील, असंही एकाने सुचवलं. नव्या करपद्धतीत ती सवलत मिळत नाही, आणि शंभर रुपये देणारा माणूस कर वाचवायला देत नसतो. आपलं मंडळ अजून नोंदलेलं नसल्याने, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कनुसार धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेऊन मग पावतीपुस्तक छापायचं, एवढं मात्र न चुकता करायला हवं. गणेश मंडळं दरवर्षी करतात, आपल्यालाही जमेल.

बैठक येत्या रविवारी आहे. ठराव लिहून तयार आहे : गाळाभाडं बंद, घरटी शंभर रुपये, दहा माग, विणकरांना रोजी, व्यासपीठ नाही. खाली 'सूचक' म्हणून माझी सही आहे. 'अनुमोदक'समोरची जागा आज सकाळपर्यंत कोरीच आहे.